मातामायच्या वर साडेतीन फेऱ्या

समोर पांढरं दिसलं ते मला बगळा वाटलं. पण बगळा सरकतो. हे सरकत नव्हतं. काचेवर एका जागी चिकटल्यासारखं होतं आणि तिथंच मोठं होत होतं. आधी तांदळाच्या दाण्याएवढं, मग लिंबाएवढं. मग त्याला पंख दिसले.

"मयूरी, ते काय होय समोर?" मी म्हटलं.

माझी नात मयूरी विमान चालवत होती आणि मान वाकवून माझ्या बाजूच्या खिडकीतून खाली मातामायच्या देवळाकडे पाहत होती. तिनं मान वर केली. ती ओरडली नाही. "आजी, धर," एवढंच म्हणाली आणि हातातलं स्टेअरिंग उजवीकडे पार पिळलं. माझी बाजू खाली गेली. खिडकीत आभाळ उरलं नाही, सगळी जमीनच आली. मातामायचा लाल झेंडा माझ्या खांद्याच्या खाली होता. मी डावीकडे पाहिलं तर मयूरीच्या डोक्यापलीकडून दुसऱ्या विमानाचं पोट चाललं होतं. आत कोण आहे ते दिसलं नाही. तीन चाकं आणि तेलाचा एक काळा ओघळ मात्र स्पष्ट दिसला. आमचं विमान बैलगाडी खड्ड्यातून जावी तसं एकदा आदळलं. मग समोर नुसतं आभाळ.

आमच्या अंगणातून विहीर जेवढी लांब आहे, तेवढ्यावरून ते गेलं. मयूरी म्हणते, त्याहून जास्त होतं. मी शेतात जन्म काढला आहे, मला अंतर कळतं.

वडनेर ते पिपरी मेघे

हे लिहायचं कारण असं की आमच्या वडनेरात असल्या लहान विमानात बसून आलेली म्हातारी मी एकटीच. जो येतो तो विचारतो. सांगून सांगून तोंड दुखलं, आणि सांगताना लोक मधेच आपलं घुसवतात. म्हणून वहीत लिहिलं. मी चौथी शिकले आहे. चुका असतील त्या वाचणाऱ्यानं सोडून द्याव्या.

मयूरी माझ्या मुलीची, सुनंदाची, मुलगी. बारावी झाल्यावर म्हणाली, विमान चालवायला शिकते. मी म्हटलं, घरची स्कूटी दोनदा पाडली तू, आता विमान पाडशील. तरी ती गेलीच. ज्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी विमान घेऊन वर जाणार होती, त्या सकाळी सुनंदानं मला फोन केला आणि काही न बोलता नुसती श्वास घेत राहिली. मी फोन ठेवला आणि मातामायकडे गेले.

मातामाय म्हणजे आमच्या शिवाराच्या टोकाला, तलावाच्या काठच्या टेकाडावरची देवी. माणूस वाकून शिरेल एवढंच देऊळ, चुना लावलेलं, बाजूला कडुनिंब. मी तिला म्हटलं, पोरगी नीट खाली येऊ दे, तिचं लायसन होऊ दे, तुला पाच प्रदक्षिणा घालीन. आमच्याकडे असा नवस फेडताना दर फेरीला, ज्याच्यासाठी नवस केला त्याचं नाव मोठ्यानं घ्यावं लागतं. मनातल्या मनात घेतलेलं चालत नाही.

पोरगी खाली आली. पुढे लायसनही झालं. पण तोवर माझा उजवा गुडघा गेला. टेकाड काही चढवेना आणि नवस तसाच राहिला. मयूरीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, मी तुले वरून फिरवतो. देवीले काय फरक पडते, पायानं घातली का पंखानं?"

मला ते पटलं. नवस करताना पायानं घालीन असं मी काही बोलले नव्हते.

कापसाची दुसरी वेचणी झाली आणि मी निघाले. हिंगणघाटला बस बदलली, वर्ध्याला उतरले. एस.टी.चं काय लिहायचं, ती सगळ्यांनी पाहिली आहे. पिशवीत वांगी, मिरच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या होत्या. उतरताना एका माणसानं जुडीवर पाय दिला आणि वर मलाच म्हणाला, बाई, रस्त्यात कायले ठेवता. मी ती जुडी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, घ्या, आता तुमचीच झाली. त्यानं मुकाट्यानं घेतली. पुढं त्यानं तिचं काय केलं ते माहीत नाही.

सुनंदाचं घर पिपरी मेघेला, दुसऱ्या मजल्यावर. त्या इमारतीत सगळी दारं दिवसा बंद असतात. आमच्याकडे दिवसा दार बंद दिसलं तर शेजारी विचारायला येतात, कोणी गेलं काय म्हणून. इथं समोरच्या घरात कोण राहतं ते सुनंदाला नावानं माहीत नाही. पण घर स्वच्छ आहे आणि नळाला पाणी येतं.

रात्रीच्या जेवणाला मी भरीत केलं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या आगीवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर येत नाही, तरी जावयांनी दोनदा घेतलं. ते सरकारी कचेरीत आहेत, बोलणं कमीच. जेवता जेवता मोबाईलवर उद्याची हवा पाहत होते. सुनंदानं ताट पुढं घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडत बसली. मोडलेला तुकडा तोंडात गेला नाही.

"आई, तू नको जाऊ," ती म्हणाली. "ती वर असली की माह्या घशाखाली घास जात नाई. आता तुम्ही दोघी वर राहान."

मी म्हटलं, "तुह्या न जेवल्यानं विमान वर राह्यते काय? जेव."

ती जेवली नाही. रोजचंच आहे, मयूरी हसून म्हणाली. पण तिनं आईच्या ताटातला तो मोडलेला तुकडा उचलून स्वतः खाल्ला.

धावपट्टी

सकाळी देवळीवरून पुढे नदी ओलांडून गेलो. जागेचं नाव मी लिहीत नाही, मयूरीनं नको म्हटलं. एक लांब डांबरी पट्टी, पत्र्याची मोठी शेड, आत पाच-सहा विमानं. मला वाटलं होतं एस.टी.एवढं तरी असेल. आमच्या गावातल्या काळीपिवळी जीपपेक्षा आत जागा कमी. पत्रा बोटानं वाजवला तर डब्यासारखा वाजला.

तिथले मोठे शिकवणारे नायर सर. केरळचे, पण तीस वर्षं इकडे आहेत. मराठी बोलतात, मधे हिंदी घालतात. त्यांच्यासाठी नेलेली वांगी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. मग आम्हाला पोहे दिले, वर तर्री. केरळच्या माणसाच्या धावपट्टीवर तर्री पोहे चांगले मिळतात, हे लिहून ठेवते.

विमानात बसण्याआधी माणसाला काट्यावर उभं करतात. सोयाबीनचं पोतं तोलतात तसं मला तोललं आणि आकडा मोठ्यानं सांगितला. बाईचं वजन असं चारचौघांत सांगायची पद्धत आमच्याकडे नाही. मग मयूरी विमानाभोवती फिरली. प्रत्येक खिळा हलवून पाहिला. पंखातून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढलं आणि उजेडात धरलं. त्यात पाणी आहे का ते पाहतात म्हणे. आमच्या गावच्या दूधवाल्याच्या दुधाला हे कोणी लावलं तर तो गाव सोडून जाईल.

मला उजवीकडच्या खुर्चीत बसवलं. ती माझ्यावर वाकली, पट्टा आवळला, दोनदा ओढून पाहिला. मग पट्ट्याखाली अडकलेला माझा पदर सोडवून सरळ केला. ती दोन वर्षांची असताना सुनंदा खूप आजारी होती आणि ही वर्षभर माझ्याकडे होती. वेचणीच्या वेळी मी हिला निंबाखालच्या झोळीत अशीच बांधायची, पडू नये म्हणून. तेव्हा ही सुटायला ओरडायची. मी ओरडले नाही.

कानावर मोठे डबे घातले आणि तोंडापुढे बोलायची काडी आणली. "आजी, यातून तू बोललीस का मले आयकू येते," ती म्हणाली. "पण रेडिओवर कोणी बोलून राह्यलं असन, तवा गप राहायचं. दुसरे विमानवाले कुठं हायत ते सांगतात. ते आयकणं जरूरी असते."

मी हो म्हटलं. हो म्हटलं ते मला चांगलं आठवतं.

मातामायच्या वर

उडताना भीती वाटली का, असं सगळे विचारतात. नाही वाटली. आवाज फार होता आणि गुडघ्याला जागा नव्हती. मग जमीन खाली राहिली. तूर फुलावर होती, पिवळे पट्टे दिसत होते. कापसाच्या वावरात पांढरे ठिपके. नदी मला रुंद वाटायची, वरून ती वाळत घातलेल्या धोतरासारखी दिसली, तीही चुरगळलेली. हायवे आला, वडनेर आलं, तलाव आला. टेकाड वरून टेकाड वाटतच नाही, सपाटच दिसतं. चुन्यामुळे देऊळ ओळखलं.

मयूरीनं विमान डावीकडे कलवलं आणि देवळाला तिच्या बाजूला घेतलं.

मी म्हटलं, "उलटी काऊन फिरून राह्यली?"

ती म्हणाली, चालवणारा डावीकडे बसतो, त्याला खालचं त्याच बाजूनं दिसतं, म्हणून घिरट्या डावीकडूनच घेतात. सगळे तशाच घेतात.

"सगळे देवीले फिरतात काय?" मी म्हटलं. "देव उजव्या हाताले पायजे. डावं मयताले फिरतात, पोरी. तुह्या नावाचा नवस अन् मयताची फेरी घालतं काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. विमान चालवणारी असली तरी मयताचं नाव काढल्यावर तिचा चेहरा बदलला. आमच्याच घरात वाढलेली आहे. तिनं लांब वळसा घेतला आणि देऊळ उजवीकडे आणलं, माझ्या बाजूला. रेडिओवर तिनं आपण कुठं आहोत ते सांगितलं. कोणत्या बाजूनं फिरतोय ते सांगितलं नाही. कोणीच सांगत नाही, कारण सगळे एकाच बाजूनं फिरतात.

पहिल्या फेरीला मी मोठ्यानं नाव घेतलं, मयूरी. तिनं कानाला हात लावला. म्हणाली, डब्यात ओरडू नको. मी म्हटलं, देवी लांब आहे. दुसरी फेरी झाली. तिसरीला मला आमचं वावर दिसलं. आयुष्यभर मला ते चौकोनी वाटलं होतं. चौकोनी नाही. शेजाऱ्याच्या बाजूनं धुरा, म्हणजे बांध, आत वळला आहे. माझे सासरे तीस वर्षं भांडत होते ते खरं होतं, हे मला आकाशात कळलं. मी ते मयूरीला सांगायला लागले. बोट दाखवलं, बघ, त्या बाभळीपाशी बघ, किती आत आला तो. चौथी फेरी चालू झाली होती. मी नाव घेतलं आणि पुन्हा धुऱ्याचं सांगायला लागले.

त्याच वेळी डब्यात एका माणसाचा आवाज होता. शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसा, माझ्या आवाजाच्या खाली. मला तो ऐकू आला. मी थांबले नाही. मयूरी माझ्या बोटाकडे पाहत होती.

त्यानंतर मला तो बगळा दिसला. पुढचं वर लिहिलं आहे.

ते विमान गेल्यावर मयूरीनं आमचं सरळ केलं. रेडिओवर बोलली. पलीकडून तोच माणूस बोलला, त्याला दम लागला होता. इंग्रजीतलं मला एवढंच कळलं की दोघंही सॉरी म्हणाले. तिनं विमान परत धावपट्टीकडे वळवलं. मला तिच्या गुडघ्यावर हात ठेवावा वाटला. ठेवला नाही, ती चालवत होती. मी गप बसले. हे आधी करायला पाहिजे होतं.

उरलेली दीड फेरी राहिली ती राहिली. मातामायला मोजता येतं, आणि तिनं पाहिलंही असेल.

विमान तिनं इतकं हळू टेकवलं की चाकं लागल्याचं मला कळलं नाही.

खाली

आमच्या मागोमाग ते दुसरं विमान तिथंच उतरलं. त्यातून नागपूरचे दातांचे डॉक्टर निघाले. विमान त्यांचं स्वतःचं, चाळिशीचा माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी वडिलांना हात धरून उतरवलं. टोपीवाले, काठीवाले गृहस्थ. वडिलांना तलावावरची पाखरं दाखवायला ते आले होते.

डॉक्टर मयूरीला म्हणाले, "मॅडम, मी रेडिओवर बोललो होतो. तलावावर येऊन राह्यलो, म्हटलं. तुमच्या मागं मागं डावीकडून फिरीन, म्हटलं. तुम्ही उजवीकडून काऊन येत होत्या?"

मयूरी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "खाली देवी आहे. देवीले डावं फिरतात काय?"

डॉक्टरांच्या वडिलांना कमी ऐकू येत असावं, त्यांनी मुलाला विचारलं, बाई काय म्हणते. मुलानं कानात ओरडून सांगितलं.

म्हातारे म्हणाले, "बराबर म्हणते. तू काऊन डावं फिरत होता? देऊळ दिसलं नाई तुले?"

डॉक्टर खाली पायरीवर बसले. मला वाटलं हसताहेत. हसत नव्हते.

मग नायर सरांच्या खोलीत दोघांना एकेक कागद दिला. असं झालं की लगेच लिहून द्यावं लागतं, एकमेकांशी न बोलता. मयूरी टेबलाच्या या टोकाला, डॉक्टर त्या टोकाला. परीक्षेला बसल्यासारखे. मी बाहेर बाकावर बसले. दारातून मला तिचा हात दिसत होता. कागद वर जातो आणि वरचे लोक ठरवतात, लायसन ठेवायचं की काढायचं, हे मला तिथं पोहे देणाऱ्या बाईनं सांगितलं. तोवर मला वाटत होतं की वाचलो म्हणजे झालं.

मयूरी बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काय लिहिलं. तिनं मराठीत सांगितलं. उजवीकडून फिरायचं मी ठरवलं. कोणत्या बाजूनं फिरतो ते मी रेडिओवर सांगितलं नाही. रेडिओवरचा आवाज मी ऐकला नाही. समोर पाहायचं सोडून मी खाली पाहत होते.

"माहं नाव काऊन नाई टाकलं?" मी म्हटलं. "उजवीकडून फिर म्हणणारी मी. बडबड माही."

"तू पॅसेंजर होय, आजी."

मी उठले आणि सरांच्या खोलीत गेले. त्यांना सगळं सांगितलं. नवसाचं, मयताचं, धुऱ्याचं, आवाज ऐकू आला तरी थांबले नाही तेही. म्हटलं, कागदावर लिहून घ्या, मी सही करते, मला सही येते.

सरांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "माताजी, विमानात आजी असो, देवी असो, मंत्री असो, ठरवायचं पायलटनं. तिनं तुमचं ऐकलं, ही तिची गलती आहे. तुम्ही ती उचलून नेली, तर तिच्याजवळ शिकायला काय राहील?"

मी म्हटलं, "तिचं लायसन गेलं तर?"

ते म्हणाले, "ते मला माहीत नाही." खोटं बोलले नाहीत, म्हणून मला तो माणूस आवडला.

डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर काय लिहिलं ते नंतर कळलं. रेडिओवर बोललो, पण उत्तर आलं नाही, तरी मी पुढे आलो, ही माझी चूक, असं. दोघांनीही आपापल्या कागदावर स्वतःचीच चूक लिहिली. आमच्याकडे धुऱ्याचं भांडण तहसीलला गेलं की दोन्ही अर्जांत समोरच्याचीच चूक असते. मी असे बरेच अर्ज पाहिले आहेत. हे पहिल्यांदा पाहिलं.

पिपरी मेघे

संध्याकाळी सुनंदाला सांगायचं की नाही, यावर मी रस्ताभर विचार केला. माझं मत नको असं होतं. मयूरीनं घरात पाय ठेवल्या ठेवल्या सांगून टाकलं, चपला काढायच्या आधी. जावयांनी मोबाईल खाली ठेवला. सुनंदा ओरडेल, रडेल, पोरीला घरात कोंडेल असं मला वाटलं.

तिनं विचारलं, "किती जवळून?"

"आजी म्हणते, आंगणातून विहीर," मयूरी म्हणाली.

सुनंदा वडनेरला वाढली आहे. त्या विहिरीवर तिनं पाणी भरलं आहे. ती आत गेली, ताटं घेऊन आली, मयूरीच्या जवळ मांडीला मांडी लावून बसली आणि जेवली. पूर्ण भाकरी. तिनं मयूरीच्या ताटात स्वतः भाजी वाढली, आणि मयूरी नको नको म्हणत असताना पुन्हा वाढली. मी जेवण संपेपर्यंत त्या दोघींकडे पाहिलं नाही. सुनंदाला रडताना कोणी पाहिलेलं आवडत नाही, लहानपणापासून.

मयूरीला सव्वा महिना एकटीनं उडू दिलं नाही. ती नायर सरांना शेजारी बसवून पुन्हा पहिल्यापासून शिकली. मग वरून पत्र आलं. ताकीद दिली आहे, लायसन ठेवलं आहे. पत्र आलं तेव्हा मी वावरात होते. तिनं फोन केला आणि तिच्या आईसारखीच नुसती श्वास घेत राहिली. मी म्हटलं, बोल काय ते, मिरच्या तोडायच्या आहेत. तेव्हा बोलली.

त्या दिवशी टेकाडाच्या वर दोन विमानं होती आणि त्यांत चार माणसं. डॉक्टरांचे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत, ते वाचले. डॉक्टर वाचले. मी चौऱ्याहत्तरची, मी वाचले. मयूरी तेवीस वर्षांची आहे. ती वाचली.